उत्पन्नाच्या वर्तुळातील कर्ज

गेल्या वर्षी मार्च महिन्यातील एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कराची कागदपत्रे पसरून बसलो होतो आणि भारतातून आलेली आत्या समोर बसून लसूण सोलत होती. खिडकी बोटभर उघडी होती. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात हिवाळा सरताना येणारा ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास आत येत होता, त्यात लसणाचा वास मिसळत होता. आत्याची सगळी नोकरी एका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात झाली, त्यामुळे आकड्यांनी भरलेला कागद दिसला की तिचा हात आपोआप तिकडे वळतो. तिने पदराला बोटे पुसली, आयकराच्या १०४० या अर्जाबरोबरच्या मार्गदर्शक पुस्तिकेची मी छापून घेतलेली प्रत ओढली आणि पाने उलटत शेवटाकडच्या एका पानावर ती थांबली. त्या पानावर दोन वर्तुळे असतात. फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारचे उत्पन्न कुठून आले हे एका वर्तुळात आणि ते कशावर खर्च झाले हे दुसऱ्या वर्तुळात, अशी ती वाटणी असते. वर्षानुवर्षे हे पान करदात्यांच्या हाती जाते आणि क्वचितच कुणी ते पाहते. आत्याने चष्मा वर सरकवला आणि उत्पन्नाच्या वर्तुळावर बोट ठेवले. “अरे, तूट भरण्यासाठी काढलेलं कर्ज यांनी उत्पन्नात धरलंय. सोसायटीतून उचललेलं कर्ज कुणी पगारात मोजतं का?” मग बोट दुसऱ्या वर्तुळावर गेले, सगळ्या फोडींवरून एकदा फिरले, आणि तिने विचारले, “आणि यात आस्थापना खर्च कुठे आहे?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले. दोन्ही वर्तुळांची बेरीज जुळवायची असते, म्हणून जेवढे कमी पडले तेवढे कर्ज उत्पन्नाच्या बाजूला दाखवतात. आणि ती फोड वर्तुळाच्या चौथ्या भागाहूनही मोठी आहे. दुसरा प्रश्न मात्र त्या संध्याकाळनंतर मनातून गेला नाही. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात वेतन आणि भत्ते हाच मोठा आकडा असतो, राज्याच्या अंदाजपत्रकातही वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज ही त्रयी निम्म्याच्या आसपास गिळून टाकते, म्हणून आत्याची नजर सवयीने नोकरांच्या पगाराकडे गेली. अमेरिकेच्या वर्तुळात ती फोड वेगळी दाखवलेलीच नाही, आणि दाखवली असती तरी ती बारीकच निघाली असती, कारण फेडरल सरकारच्या खर्चातील वीस डॉलरमागे जेमतेम एक डॉलर मुलकी नोकरांच्या पगारावर आणि भत्त्यांवर जातो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या आजूबाजूला सगळी चर्चा त्या एका डॉलरची चालली होती.

वॉशिंग्टनच्या उपनगरांत राहणाऱ्यांना सरकार हे दूरचे प्रकरण वाटत नाही. मेट्रोच्या रेड लाइनवर सकाळी उभ्या माणसांच्या गळ्यात ओळखपत्रांच्या दोऱ्या असतात, शनिवारच्या बाजारात टोमॅटो निवडणारा माणूस हवामान खात्यात असतो आणि मुलांच्या बास्केटबॉलच्या सामन्यात शेजारी बसलेली बाई औषधांच्या चाचण्या तपासणारी असते. २०२५च्या जानेवारीत नव्या प्रशासनाने सरकारी खर्च आणि नोकर कमी करण्यासाठी ‘डोज’ नावाचे पथक स्थापन केले. २८ जानेवारीला ‘फोर्क इन द रोड’ या मथळ्याचा ईमेल लाखो कर्मचाऱ्यांना गेला: आत्ता राजीनामा द्या, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार घ्या. फेब्रुवारीत दुसरा ईमेल आला, गेल्या आठवड्यात काय केले ते पाच मुद्द्यांत कळवा म्हणून. त्या वसंतात आमच्या गल्लीत एक वेगळीच शांतता होती. कामाच्या दिवशी दुपारी घरांसमोर गाड्या उभ्या दिसू लागल्या. ज्या शेजाऱ्याला मी कधी उजेडात पाहिले नव्हते, तो सकाळी अकरा वाजता कुंपणाला रंग देताना दिसला, आणि तो इतक्या सावकाश, इतक्या निगुतीने एकेका फळीवर ब्रश फिरवत होता की थांबून चौकशी करण्याचा धीर मला झाला नाही. घरी आलो तेव्हा टेबलावर तीच पुस्तिका पडलेली होती.

मी स्वतः मर्यादित सरकारच्या बाजूचा आहे.

हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या भागातील मराठी मंडळींत या विषयावर बोलू लागले की ऐकणारा लगेच तुमचा पक्ष ठरवून मोकळा होतो. माझी ही भूमिका पक्षामुळे आलेली नाही. ती या देशाच्या राज्यघटनेच्या रचनेकडे पाहून तयार झाली. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, अधिकार एकेक करून मोजून दिले आहेत. कायद्याने तरतूद केल्याशिवाय खजिन्यातून एक पैही काढता येणार नाही, असे त्याच अनुच्छेदाच्या नवव्या कलमात म्हटले आहे, आणि १७९१च्या दहाव्या दुरुस्तीने जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे आणि जनतेकडे ठेवले आहेत. ज्या सत्तेला कर घेण्याचा आणि तुरुंगात टाकण्याचा अधिकार आहे तिला काठ असले पाहिजेत, हा विचार मला अजूनही पटतो. जे काम ॲनापोलिसला, मेरीलँडच्या राजधानीत, होऊ शकते ते वॉशिंग्टनला नेऊ नये, कारण ॲनापोलिसच्या माणसाला मी गाठू शकतो. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी घटनेची ती लहानशी पुस्तिका वाचताना हे मला जितके पटले होते तितकेच आजही पटते. पटत नाही ते हे की, या विचाराच्या नावाने जे केले जाते त्याचा या विचाराशी बहुतेक वेळा संबंध नसतो.

ग्रोव्हर क्लीव्हलँड या राष्ट्राध्यक्षाची एक गोष्ट माझ्या मनात नेहमी घोळत असते. १८८७ साली टेक्सासमध्ये दुष्काळ पडला, शेतकऱ्यांकडे पेरायला बियाणे उरले नाही, आणि काँग्रेसने बियाण्यांसाठी १०,००० डॉलरची तरतूद मंजूर केली. त्या काळातही ही रक्कम फेडरल खजिन्याच्या दृष्टीने क्षुल्लक होती आणि खजिन्यात शिल्लक भरपूर होती. क्लीव्हलँड यांनी १६ फेब्रुवारीला ते विधेयक नाकारले. जनता सरकारला पोसते, पण सरकारने जनतेला पोसू नये, आणि घटनेत अशा खर्चाचा आधार मला सापडत नाही, असे त्यांनी लेखी कळवले. ते वाचताना माझ्यातील दोन माणसे भांडतात. एक माणूस त्या सडेतोडपणाने दिपून जातो: समोर दुष्काळग्रस्त शेतकरी आहेत, रक्कम किरकोळ आहे, होकार देण्यात लोकप्रियता आहे, तरी हा माणूस नियमाला धरून उभा राहतो आणि नकारावर स्वतःची सही करतो. दुसऱ्या माणसाने लहानपणी घरातून १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकल्या आहेत. सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका, त्यांच्या हाताचे फोड, गावाबाहेरचा पाझर तलाव हे सारे त्याने इतक्यांदा ऐकले आहे की बियाणे नाकारणारी सही त्याच्या घशाखाली उतरत नाही.

पण त्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने जे केले तेही या संदर्भात आठवते. रोजगार हमी योजनेसाठी राज्याने व्यवसाय कर बसवला. ज्यांना नियमित पगार आहे त्यांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची आणि त्यातून दुष्काळातील हातांना काम द्यायचे, अशी ती सरळ मांडणी होती. आत्याच्या पगारपत्रकावर ती कपात शेवटपर्यंत होती. पुढे त्या पैशाचे काय काय झाले हा वेगळा विषय आहे; पण वचन आणि त्याची किंमत त्या कायद्यांनी शेजारी-शेजारी ठेवली होती. क्लीव्हलँड यांनी वचनच नाकारले, महाराष्ट्राने वचन देऊन कर लावला, आणि या दोन्हींमध्ये मला एक समान सचोटी दिसते. आजच्या वॉशिंग्टनमध्ये तिसराच मार्ग चालतो: वचन द्यायचे, कर कमी करायचा, आणि मधला खड्डा उत्पन्नाच्या वर्तुळात भरून टाकायचा.

काटकसरीचे खरे दिवस पाहायचे तर १९२०च्या दशकातील राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांच्याकडे जावे लागते. १९२१च्या कायद्याने अंदाजपत्रक तयार करण्याचे कार्यालय निर्माण झाले होते, आणि कूलिज त्याचे प्रमुख हर्बर्ट लॉर्ड यांच्याबरोबर नियमितपणे बसून आकड्यांवरून हात फिरवत. लॉर्ड यांनी सरकारी कारकुनांना एका वेळी एकच पेन्सिल देण्याचा नियम केला. ती झिजली की थोटूक परत केल्यावर दुसरी मिळे. राष्ट्राध्यक्षांना भेट म्हणून सिंहाचे दोन छावे आले, तर त्यांची नावे ‘टॅक्स रिडक्शन’ आणि ‘बजेट ब्युरो’ अशी ठेवली गेली. १९२३ साली २,२०० कोटी डॉलरच्या आसपास असलेले राष्ट्रीय कर्ज १९२९पर्यंत १,७०० कोटींच्या आत आले. पेन्सिलीच्या थोटकाची ही गोष्ट मला मनापासून आवडते. लहान झालेली पेन्सिल टोपणात खोचून वापरणाऱ्या घरात मी वाढलो, म्हणूनही ती आवडत असेल. पण तेव्हाच्या फेडरल सरकारचे खर्च म्हणजे सैन्य, टपाल, युद्धाचे कर्ज, माजी सैनिक आणि कचेऱ्या एवढेच होते. सरकार मुख्यतः कचेऱ्यांत राहत होते, म्हणून कचेरीतील पेन्सिलीला अर्थ होता.

पुढच्या दशकात सरकार कचेरीतून उठून लोकांच्या घरी गेले. १९३५ साली सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा, कायदा झाला आणि जानेवारी १९४०मध्ये व्हरमाँट राज्यातील लडलो या गावच्या आयडा मे फुलर या निवृत्त बाईंना पहिला मासिक धनादेश मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांनी या योजनेत कररूपाने एकूण २४ डॉलर ७५ सेंट भरले होते. त्या शंभर वर्षे जगल्या आणि त्यांना एकूण २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले. त्या बाईंच्या दीर्घायुष्याबद्दल मला निखळ आनंदच वाटतो. पण सगळे गणित त्या दोन आकड्यांत आधीच मांडलेले आहे. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्याच्या योजना आल्या. २०२४च्या आर्थिक वर्षात फेडरल सरकारने पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. त्यांतील जवळजवळ दीड लाख कोटी एकट्या सोशल सिक्युरिटीचे होते. कर्जावरील निव्वळ व्याज सुमारे ८८ हजार कोटी झाले आणि ते संरक्षण खर्चाच्याही पुढे गेले. काँग्रेस दरवर्षी ज्यावर मतदान करते तो खर्च एकूण खर्चाच्या चौथ्या भागाहून थोडासाच जास्त आहे, आणि त्यातला निम्मा संरक्षणाचा आहे. उरलेला खर्च कुणीही हात वर न करता, पूर्वीच्या कायद्यांच्या बळावर, आपोआप वाहत राहतो.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. फेडरल सरकारचा आकार आणि फेडरल सरकारचा खर्च या आता दोन निरनिराळ्या गोष्टी झाल्या आहेत. टपाल खाते वगळले तर आज जितके मुलकी नोकर आहेत, जवळजवळ तितकेच १९६०च्या दशकाच्या अखेरीस होते. तेव्हा देशाची लोकसंख्या २० कोटी होती, आज ती ३४ कोटी आहे. नोकर तेवढेच राहिले आणि खर्च फुगत गेला, कारण वाढले ते धनादेश, रुग्णालयांची बिले, कंत्राटे आणि व्याज. आकार डोळ्यांना दिसतो: इमारत दिसते, गळ्यातली दोरी दिसते, पार्किंग दिसते. खर्च दिसत नाही, कारण तो बव्हंशी आपल्याच आईवडिलांच्या, शेजाऱ्यांच्या आणि उद्या आपल्या स्वतःच्या बँकखात्यात जमा होतो. म्हणून ज्याला सरकार लहान केल्याचे श्रेय हवे असते तो दिसणाऱ्या वस्तूवर कुऱ्हाड चालवतो.

न्यूयॉर्कमध्ये एका बिल्डरने, सेमूर डर्स्ट यांनी, १९८९ साली स्वखर्चाने राष्ट्रीय कर्जाचे एक घड्याळ लावले. तेव्हा आकडा २.७ लाख कोटींचा होता. ‘सरकार हे आपल्या समस्येचे उत्तर नसून सरकार हीच समस्या आहे’ असे म्हणून १९८१ साली शपथ घेतलेल्या रेगन यांच्या आठ वर्षांत ते कर्ज सुमारे तिपटीने वाढले होते, कारण कर कमी झाले, संरक्षण खर्च वाढला आणि धनादेशांना कुणी फारसा हात लावला नाही. १९९८पासून चार वर्षे खरोखर शिल्लक पडली. शीतयुद्ध संपल्याने लष्करी खर्च उतरला होता, १९९० आणि १९९३च्या कायद्यांनी कर वाढले होते, खर्चाला बंधने घातली होती आणि शेअर बाजाराच्या तेजीने तिजोरी भरत होती. २००० साली ते घड्याळ बंद करून त्यावर पडदा टाकण्यात आला. दोन वर्षांत पडदा पुन्हा निघाला. २००८च्या शरद ऋतूत कर्ज १० लाख कोटींच्या पुढे गेले तेव्हा घड्याळावर आकडे मावेनात, म्हणून डॉलरच्या चिन्हाच्या खिडकीत एकचा आकडा बसवावा लागला. मी ते घड्याळ पुढे, नव्या जागी, पाहिले. समोरून माणसे सँडविचचे पुडे घेऊन भराभर जात होती, वाफाळत्या जाळीवरून उष्ण हवा पायांना लागत होती, आणि उजवीकडचे शेवटचे अंक इतके वेगाने पालटत होते की ते वाचताच येत नव्हते, फक्त लाल थरथर दिसत होती. डावीकडचे अंक मात्र दगडासारखे स्थिर होते. मी बराच वेळ त्या डावीकडच्या आकड्यांकडेच पाहत राहिलो.

आता पुन्हा २०२५. पुढे ‘डोज’चा चेहरा ठरलेले उद्योगपती इलॉन मस्क यांनी निवडणुकीआधी दोन लाख कोटी डॉलर वाचवण्याची भाषा केली होती. वर्षअखेरीपर्यंत सुमारे तीन लाख फेडरल नोकर कमी झाले. शांततेच्या काळात एका वर्षात एवढी घट क्वचितच झाली असेल. आणि त्या आर्थिक वर्षाचा एकूण खर्च? तो आदल्या वर्षापेक्षा वाढून सात लाख कोटींवर गेला. व्याज एक लाख कोटींच्या उंबरठ्यावर आले. करखात्यातील सुमारे चौथा हिस्सा माणसे वर्षाच्या पूर्वार्धातच कमी झाली, म्हणजे वसुली करणाऱ्यांनाच काढून टाकून वसुलीतील तूट भरायची असा तो प्रकार झाला. यातील काही गोष्टी मला योग्य वाटल्या, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पेनसिल्व्हेनियात बॉयर्स या गावाजवळ जमिनीखाली सुमारे ७० मीटर खोल चुनखडीची एक जुनी खाण आहे. तिथे फेडरल नोकरांच्या निवृत्तीची कागदपत्रे ठेवलेली असतात, आणि शेकडो माणसे त्या थंड बोगद्यांत बसून कागदी पाकिटांतील नोंदी हातांनी तपासत एकेकाचे निवृत्तिवेतन ठरवत आली आहेत. हे काम संगणकावर नेण्याचे प्रयत्न १९८०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा फसले. त्या खाणीचे नाव मस्क यांनी जाहीरपणे घेतले तेव्हा मला बरे वाटले होते. अशी जागा सुधारायला चिकाटी लागते, जुन्या फायली जाणणारी माणसे लागतात, चार-पाच वर्षे एकाच कामामागे लागावे लागते. घडले ते असे की हजारो माणसांना एकदम निवृत्तीकडे ढकलले गेले आणि त्यांच्या अर्जांचा लोंढा त्याच यंत्रणेवर जाऊन आदळला.

त्याच वर्षी जुलै महिन्यात दोन कायदे झाले, आणि माझ्या दृष्टीने त्या वर्षाचा सगळा हिशेब त्या दोन कायद्यांत आहे. चार जुलैला जो मोठा कायदा सही झाला, त्याने मेडिकेडला कात्री लावूनही, करकपातीमुळे पुढच्या दहा वर्षांत ३.४ लाख कोटी डॉलरची तूट वाढेल, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे. तीन आठवड्यांनी दुसरा कायदा झाला. त्याने परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांची मिळून ९०० कोटी डॉलरची तरतूद रद्द केली. दुसऱ्या कायद्याची रीत मला मान्य आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मंजूर पैसा परस्पर अडवून ठेवला म्हणून १९७४ साली जो कायदा झाला, त्यात सांगितल्याप्रमाणे हा प्रस्ताव काँग्रेससमोर आला, मतदान झाले, कुणाचे मत कुठे पडले ते नोंदले गेले. खर्च असाच कमी झाला पाहिजे. पण सात लाख कोटींच्या खर्चात ९०० कोटी म्हणजे जवळजवळ आठशे डॉलरमागे एक डॉलर, आणि तोही अशा लोकांचा ज्यांना या देशात मत नाही किंवा ज्यांचा आवाज फार मोठा नाही.

दिवाळीत मला याची दुसरी बाजू जवळून दिसली. एक ऑक्टोबरपासून तरतुदीचे कायदे न झाल्यामुळे सरकार बंद पडले ते १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस, तोवरच्या सगळ्या बंदींपेक्षा जास्त काळ. फराळाला आमच्याकडे आलेल्या एका ओळखीच्या मराठी बाई अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका फेडरल प्रयोगशाळेत आहेत. त्यांचे काम अत्यावश्यक ठरल्यामुळे त्या रोज कामावर जात होत्या आणि पगार बंद होता. करंजी हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, “पगार मागाहून मिळणार हे कायद्यात आहे हो, पण घराचा हप्ता बँक मागाहून घेणार नाही.” कुणीतरी लगेच विषय बदलला. त्या दिवसांतही सोशल सिक्युरिटीचे पैसे वेळेवर जमा होत होते, कर्जरोख्यांवरचे व्याज वेळेवर दिले जात होते. भांडण त्या चौथ्या भागातल्या खर्चावर आणि आरोग्य विम्याच्या अनुदानावर चालले होते, आणि त्याचा भार दर महिन्याला ज्यांचा पगार मोजका येतो त्यांनी उचलला. बंदीने सरकारचा खर्च कमी होतो असे मानणारे लोक मला भेटले आहेत. न केलेल्या कामाचाही पगार शेवटी द्यावाच लागतो.

आमचे मेरीलँड राज्य मात्र असे वागू शकत नाही. राज्याच्या घटनेनुसार अंदाजपत्रकाचा तोल साधावाच लागतो. २०२५च्या वसंतात, आत्या इथे असतानाच, ॲनापोलिसमध्ये सुमारे ३३० कोटी डॉलरची तूट कशी मिटवायची यावर रणकंदन चालले होते. शेवटी काही खर्च कापले गेले, जास्त उत्पन्नावरचे करांचे दर वाढले आणि माहिती तंत्रज्ञानाच्या सेवांवर तीन टक्क्यांचा नवा कर आला. आमच्या ओळखीतली निम्मी घरे त्या क्षेत्रात आहेत, त्यामुळे बोलणी भरपूर ऐकू आली. मला त्या तक्रारींत समाधान वाटले, कारण लोक नेमक्या गोष्टीबद्दल तक्रार करत होते. अमुक कार्यक्रम हवा असेल तर अमुक कर, हे प्रत्येकाला समजले होते. फेडरल पातळीवर अशी सक्ती घटनेतच लिहावी असा प्रस्ताव १९९५ साली प्रतिनिधिगृहात मोठ्या बहुमताने मंजूर झाला होता आणि सेनेटमध्ये एका मताने पडला. युद्ध किंवा महामंदी अशा प्रसंगी सरकारला कर्ज काढता आलेच पाहिजे, त्यामुळे त्या दुरुस्तीबद्दल माझ्या मनात शंका आहेत. पण त्या एका मताबद्दल मला हळहळही वाटते.

आणि खर्च खरोखर मर्यादित केल्याचे उदाहरण या देशात नाही असेही नाही. १९८३ साली सोशल सिक्युरिटीची गंगाजळी काही महिन्यांत आटणार होती. रेगन आणि विरोधी पक्षाचे सभापती टिप ओनील यांनी अर्थतज्ज्ञ ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या समितीच्या आधाराने तोडगा काढला: निवृत्तीचे पूर्ण वय ६५वरून टप्प्याटप्प्याने ६७पर्यंत न्यायचे, करवाढ लवकर लागू करायची, आणि ज्यांना इतर उत्पन्न आहे त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या काही भागावर प्रथमच कर घ्यायचा. दोन्ही पक्षांनी एकत्र सही केल्यामुळे कुणालाच दुसऱ्याकडे बोट दाखवता आले नाही. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्या कायद्याची पूर्ण झळ बसते, आणि त्यांत मीही आहे. मी त्या वेळी या देशात नव्हतो, मला कुणी विचारले नव्हते. तरीही माझ्या दोन वर्षांच्या निवृत्तिवेतनाचा तो त्याग मला अन्यायकारक वाटत नाही. तो उघडपणे, मतदान घेऊन, पुरेशी आधी सूचना देऊन मागितला गेला होता.

विश्वस्तांच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे ती गंगाजळी पुन्हा २०३३ साली संपते आहे, आणि त्यानंतर जमा होणाऱ्या करांतून ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. म्हणजे २०३३च्या आतबाहेर प्रत्येक वृद्धाच्या हातातील जवळजवळ पाव हिस्सा आपोआप जाईल, किंवा तोही उत्पन्नाच्या वर्तुळातील त्या फोडीत ढकलला जाईल. माझी तयारी आहे: ज्यांच्यापाशी पुरेसे आहे अशा आमच्यासारख्यांची वार्षिक वाढ कमी करा, ज्या पगाराच्या पुढे हा कर लागतच नाही ती मर्यादा (२०२५ साली ती १,७६,१०० डॉलर होती) उचला, वय आणखी थोडे वाढवा, पण अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना त्यातून वगळा. येत्या नोव्हेंबरात आमच्या मतदारसंघात उमेदवार सभा घेतील. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्या भरतात, पन्नाससाठ लोखंडी खुर्च्या असतात आणि प्रश्नांना दोन मिनिटे मिळतात. समोर कोणत्याही पक्षाचा माणूस असो, किती कर्मचारी कमी करणार किंवा किती परत घेणार हे मी त्याला विचारणार नाही. सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, संरक्षण आणि कर या चौघांपैकी कोणत्या कायद्यात, कोणत्या वर्षापासून, किती लाख कोटी डॉलरचा बदल तो स्वतःच्या मताने नोंदवून घेणार आहे, एवढे त्याने माझ्या घराला त्यातून काय गमवावे लागेल त्यासह सांगावे, असे मी विचारणार आहे.